न सांगितलेलं कोणाच्या वाट्याला?

अकोल्यातल्या एका साहित्यिक कार्यक्रमात वक्त्यांनी ठासून सांगितलं, की सूचक लिहिणं हा भित्र्यांचा मार्ग. वऱ्हाडी माणूस रोखठोक, आडून बोलणं त्याच्या रक्तात नाही. टाळ्या पडल्या. मला हे विधान मुळातच खोटं वाटतं, आणि ते वऱ्हाडाच्या नावावर खपवलं जातं याचा राग येतो.

आमच्याकडची सोयरिकीची बैठक आठवा. मुलाचा बाप चहाची बशी खाली ठेवतो आणि म्हणतो, "औंदा पराटीचं काई खरं नाई, पुढच्या साली पाहू." मुलीच्या बापाला नकार कळतो. तोही मग बोंडअळीचं, भावाचं बोलत राहतो. मुलगी आत ऐकत असते. तिच्या रंगाबद्दल, शिक्षणाबद्दल बैठकीत एक शब्द पडलेला नसतो. मान राखला गेला तो तिचा. याला भित्रेपणा म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

आनंदवर्धनानं ध्वनीला, म्हणजे सूचित अर्थाला, काव्याचा आत्मा म्हटलं, हे प्रत्येक पदवीधराला पाठ असतं. मला त्याच्यापेक्षा महानुभाव पंथाचे केसोबास जवळचे. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांनी 'दृष्टान्तपाठ' सिद्ध केला. त्यातले दृष्टान्त 114. प्रत्येकाचे तीन भाग: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. पहिले दोन स्वामींचे. त्यांचा मेळ उलगडून दाखवणारं दार्ष्टान्तिक केसोबासांचं. आंधळ्यांना हत्ती भेटतो. कान चाचपणाऱ्याला तो सुपासारखा वाटतो, पाय चाचपणाऱ्याला खांबासारखा. ऐकणारा आपला हात कुठे आहे हे शोधू लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी दार्ष्टान्तिक येऊन उत्तर देतं. केसोबासांना दोष देणं अन्यायाचं होईल. गुरू समोर नव्हते आणि अर्थ भलतीकडे जाण्याची धास्ती खरी होती. तरी स्वामींनी श्रोत्यावर टाकलेला भरवसा तिथे थोडा कमी होतो, असं मला दरवेळी वाटतं. तो भरवसा गाडगेबाबांच्या कीर्तनात पुन्हा भेटतो. देवाला आंघोळ कोण घालतं, धोतर कोण नेसवतं, असं ते विचारत जायचे. उत्तरं समोरचे लोक द्यायचे, म्हणून निष्कर्षही लोकांचाच व्हायचा.

इथवर मी सूचकतेच्या बाजूनं बोललो. पण याच वऱ्हाडात, अमरावतीत 1927 साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, आणि तिथे माझा युक्तिवाद थांबतो. दार बंद करणाऱ्याला सुचवून भागत नाही, कारण न कळल्याचं सोंग घेणं त्याच्या सोयीचं असतं. तिथे मागणी स्पष्ट शब्दांतच करावी लागते. म्हणजे अकोल्याच्या वक्त्यांचं निम्मं खरं आहे: हक्क मागताना आडून बोलू नये.

शिवाय सूचकतेच्या शेजारीच लपवणं राहतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत बांधून ठेवले. पंथावर आलेल्या संकटांत ते जपायचे होते, हे मला समजतं. परिणाम मात्र असा, की ज्या नागदेवाचार्यांनी साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून संस्कृत नाकारून मराठीचा आग्रह धरला, त्यांच्याच पंथाचे ग्रंथ विसाव्या शतकात राजवाडे-भावे या संशोधकांनी लिपी उलगडेपर्यंत मराठी समाजाला जवळजवळ परके राहिले. स्वामींचा दृष्टान्त शेवटचं पाऊल ऐकणाऱ्यासाठी मोकळं ठेवतो. सकळ लिपी त्याला उंबरठ्यावरच थांबवते. हा फरक न करता दोन्हींना एकाच शब्दानं हिणवणारी टीका मला उथळ वाटते.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते हेच गाव. तिथल्या अध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. 'दृष्टान्तपाठ' शिकवताना पहिल्या तासाला सूत्र आणि दृष्टान्त एवढंच वाचा. मोर्शी-चांदूरबाजारकडून एसटीनं आलेल्या पोरापोरींना त्यांच्या वऱ्हाडीत अर्थ लावू द्या, चुकू द्या, भांडू द्या. दार्ष्टान्तिकाचं पान दुसऱ्या दिवशी उघडा.