पर्याय 'क'

बहीण अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेची तयारी करत होती, तेव्हा जेवणानंतर तिला प्रश्न वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी सॉफ्टवेअरवाला, औषधांच्या प्रश्नांत माझं काही चालायचं नाही. पण रुग्णाशी काय बोलाल, असे प्रश्न आले की माझी उत्तरं बहुतेक बरोबर यायची. युक्ती सोपी होती. 'काळजी करू नका' म्हणणारा पर्याय बाद. दुसऱ्या डॉक्टरकडे ढकलणारा बाद. उपदेश करणारा बाद. समोरच्याला मोकळा प्रश्न विचारणारा बरोबर.

हे मला खटकायचं. एकही रुग्ण न पाहिलेल्या माणसाला सहानुभूतीत पैकीच्या पैकी मिळत असतील, तर परीक्षा मोजते काय? आमच्याकडेही टेस्ट पास होण्यापुरता लिहिलेला कोड असतो. तो पहिल्या खऱ्या ग्राहकाकडे कोसळतो.

ही शंका जुनी आहे. १९६३मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी लॉस एंजेलिसमध्ये रुग्णाची भूमिका करणारी माणसं तयार केली, ती याच विचारातून. अमेरिकेने २००४पासून अशा 'रुग्णां'समोरची परीक्षा तिथल्या विद्यार्थ्यांनाही लावली. करोनात ती थांबली आणि जानेवारी २०२१मध्ये कायमची बंद झाली. आपल्याकडे २०१९च्या एमबीबीएस बॅचपासून 'एटकॉम' आलं: वृत्ती, नीती आणि संवाद. नागपूरच्या मेडिकलमध्ये गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे लोक येतात. कुणी वऱ्हाडी बोलतं, कुणी गोंडी, कुणी हिंदी. संवादाचे प्रश्न मात्र इंग्रजीत.

एक प्रश्न हमखास यायचा. मुलगा डॉक्टरला म्हणतो, वडिलांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगू नका. तुम्ही काय म्हणाल? पर्याय 'क': 'त्यांना कळलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?' मी पाच सेकंदांत सांगायचो.

त्याच हिवाळ्यात बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. बहीण इंटर्नशिपच्या ड्युटीवर होती. काका आणि मी आत गेलो, बाबा बाहेर बाकावर. काका म्हणाले, "भाऊले काही सांगू नका जी." मीही म्हणालो, "हो मॅडम, नका सांगू."

डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी फाइल मिटली आणि विचारलं, "त्यांना कळलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

मी वाक्य ओळखलं. राग यायला हवा होता. पण विचारून त्या थांबल्या. दाराबाहेर रांग होती, कुणीतरी दोनदा डोकावून गेलं, तरी त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. मग माझ्या तोंडून निघालं, "ते मला विचारतील, आता काय करायचं. मला सांगता येणार नाही." म्हणजे भीती माझी होती आणि मी ती बाबांच्या नावावर खपवत होतो.

त्यांनी बाबांना आत बोलावलं आणि किती जाणून घ्यायचंय ते त्यांनाच विचारलं. बाबा म्हणाले, "सांगा न. मले अंदाज आहेच. हे दोघंच कवापासून गप गप आहेत."

तेव्हापासून पाठ केलेलं वाक्य खोटं असतं, असं मी म्हणत नाही. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तेही लहानपणी शिकवलेलंच, पण म्हणून त्यातली माया खोटी ठरत नाही. दमलेल्या डॉक्टरला आतून सहानुभूती उमलेपर्यंत वाट पाहता येत नाही, तेव्हा शिकलेलं वाक्य उपयोगी पडतं. पण ते खरं ठरतं ते नंतरच्या थांबण्यामुळे, आणि ते थांबणं कुठल्याच पर्यायात छापलेलं नसतं.

परवा बहिणीने 'क' सांगितल्यावर मी विचारलं, "आणि मग थांबशील किती?"

ती म्हणाली, "दादा, बाहेर शंभर पेशंट असतात."

तिचं खोटं नव्हतं. मी पुढचा प्रश्न वाचला.