उंदरांचा अपराध

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटरवरील लॉर्ड हाउ बेटावर एका वेळी ४०० हून अधिक पाहुण्यांस मुक्काम करू देत नाहीत. आम्ही तेथे पायवाटेने चालत असता एक वूडहेन, पंख असून न उडणारा तपकिरी पक्षी, निर्धास्तपणे आमच्या पायांशी आली. त्या विश्वासाने आम्ही संकोचलो.

१९१८ साली माकांबो नावाची आगबोट तेथे खडकावर लागली. तिच्यातून काळे उंदीर उतरले आणि थोड्याच वर्षांत पक्ष्यांच्या पाच जाती नामशेष झाल्या. २०१९ साली बेटभर विषारी आमिष पसरून उंदीर मारण्यात आले; तेवढा काळ बहुतेक वूडहेनांना पिंजऱ्यांत सुरक्षित ठेवले होते. हे करणे भागच होते, असे आमचेही मत आहे. उंदरांची कसली कीव, असे घरी भाताची कणगी असलेला वाचक म्हणेलच! परंतु उंदीर स्वेच्छेने आले नव्हते. बोट माणसाची, चूक माणसाची. देहान्त शासन मात्र त्यांना. आवश्यक ते सर्व न्याय्यही असते काय?

बेटावर उतरताच एका शिकवलेल्या कुत्र्याने आमचे सामान हुंगले होते. त्या वेळी आम्हांस हसू आले होते.