आबोली की मोगरा?



गुंजीत माउलीसाठी गजरे गुंफताना आम्ही सेवेकरी बायका सुनांचंच बोलत होतो. धाकटी किती गोड बोलते, थोरली मात्र घुमी! समोर आबोली नि मोगरा. आबोलीला वास नाही, पण दोन-तीन दिवस टिकते. मोगरा घरभर दरवळतो, दुसऱ्या दिवशी काळवंडतो. दोघांचं कूळही वेगळं. आबोली अडुळशाच्या कुळातली, मोगरा पारिजातकाच्या. मग आबोलीकडे वास मागणं ही चूक कुणाची?

आजारपणात थोरली उशाशी जागली, धाकटीच्या बोलण्याने धीर आला. चारचौघांत कौतुक मात्र आम्ही एकीचंच केलं.

फरक दिसणारच. पण एकीच्या मापाने दुसरीला मोजणं हा अन्यायच. आज घरी गेल्यावर थोरलीला जवळ बसवून दोन शब्द बोलूया.

🌸