निघण्याची किंमत

कुठल्याही व्यवस्थेची किंमत आत शिरताना कळत नाही, निघताना कळते.

फोन घेताना आपण कॅमेरा बघतो, बॅटरी बघतो, महिन्याला हप्ता किती बसेल ते विचारतो. उद्या यातून बाहेर पडायचं झालं तर काय सोबत येईल आणि काय मागे राहील, हे अमरावतीच्या राजकमल चौकात कुणी विचारत नाही, अकोल्याच्या गांधी रोडवरही विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

*

वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत अँड्रॉइड आहे. आयफोन येतो तो बहुधा मुलांच्या वाटेनं. पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा स्वतःला नवा फोन घेतो आणि जुना आयफोन दिवाळीला घरी आणून आईच्या हातात ठेवतो. त्यात माया असते. पण त्या मायेसोबत आईच्या हाती एक अख्खी दुसरी व्यवस्था येते: दुसरं खातं, दुसरा पासवर्ड, ॲप मिळण्याची दुसरी जागा, दुसऱ्या खुणा. मुलाची वस्तू बदलली, आईच्या सवयी बदलल्या.

फोन देणाऱ्यानं सोबत दोन दिवसांची सुटीही आणावी.

*

डोक्याला नवा फोन एका संध्याकाळी समजतो, अंगठ्याला महिना लागतो. म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्यावर चिडू नये. त्यानं एक व्यवस्था मनापासून शिकली होती, म्हणून तर तो अजून जुन्या जागी जातो.

*

दुकानातला पोरगा दोन्ही फोन काचेवर शेजारी शेजारी ठेवतो. जुन्यात स्थलांतराचं ॲप टाकतो, नव्यावर उमटलेला आकडा जुन्यात भरतो. पडद्यावरची रेघ हळूहळू पुढे सरकू लागते. स्टुलावर बसलेल्या काकू त्या रेघेवरची नजर काढत नाहीत.

"आमचं बोलणं येईन ना बाप्पा सारं?"

"येईन काकू. आता व्हॉट्सॲप येते. पयले नव्हतं येत."

पोरगा बरोबर सांगतो. व्हॉट्सॲप २००९ चं; पण अँड्रॉइडवरचं संभाषण आयफोनवर नेण्याची अधिकृत सोय झाली २०२२ साली. तोवर एकीकडची साठवण गूगल ड्राइव्हवर आणि दुसरीकडची आयक्लाउडवर, इकडून तिकडे जायला रस्ता नाही. ॲप तेच, नंबर तोच, माणसं तीच. मागचं बोलणं तेवढं अलीकडच्या काठावर राहायचं. शेवटी रस्ता निघाला, म्हणजे तो काढता येत होता. इतकी वर्षं तो काढण्याची घाई कुणाला नव्हती.

*

संपर्कांची यादी सगळ्यांत आधी येते. 'गॅसवाला', 'वायरमन', 'जिनिंग', 'आशाताई', 'हार्वेस्टर मोर्शी', 'बाबा जुना नंबर'. त्या शेवटच्या नंबरावर आता कुणी फोन उचलणार नसतं, तरी तो कुणी पुसत नाही. यंत्राच्या हिशेबी ही नावं आणि आकडे. घराच्या हिशेबी त्यात नातीगोती आहेत, बाजार आहे, आणि गेलेलं माणूसही आहे.

फोनमधली सगळ्यांत मोलाची गोष्ट सगळ्यांत कमी जागा घेते.

*

पैशाचं आपोआप येत नाही, आणि येऊही नये. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं. सिममधून बँकेकडे संदेश जातो, मगच ओळख पटते. हा त्रास आपल्या बाजूनं उभा असतो. चोराला अडवतो तो पहारा. मालकालाच अडवतो तो कोंडवाडा. फोन बदलताना समोर येणाऱ्या प्रत्येक अडचणीला विचारावं, तू यातली कोण?

*

शेतकऱ्याला अँड्रॉइड की आयफोन या वादात रस नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून तो सोयाबीनच्या, तुरीच्या, कपाशीच्या वावरात उभा राहून गट नंबर निवडतो, उभ्या पिकाचा फोटो काढतो आणि नोंद वर पाठवतो. सातबाऱ्यावर पीक चढलं पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. त्याचा फोन ऐन पाहणीच्या दिवसांत बंद पडला तर त्याला हौसेचा नवा फोन घ्यायला सवड नसते. मिळेल तो, परवडेल तो घ्यावा लागतो.

म्हणून सरकारी काम कुठल्याही फोनवर झालं पाहिजे, स्वस्तातल्या स्वस्त फोनवरही. नागरिकानं कोणत्या व्यवस्थेत राहावं हे शासनाच्या ॲपनं ठरवू नये.

*

वऱ्हाडानं तीन रुंदीचे रूळ पाहिले. मुंबई–नागपूर हा मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटरचा. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारा मीटरगेज. आणि यवतमाळकडून व अचलपूरकडून मूर्तिजापूरला येऊन मिळणारी शकुंतला ७६२ मिलिमीटरची. शकुंतलेनं कापूस मूर्तिजापूरपर्यंत आणला की पुढे रूळ जुळत नसत. गाठी एका वाघिणीतून उतरवायच्या, दुसरीत चढवायच्या, मग मुंबई. दोन्ही गाड्या आपापल्या रुळावर नीट धावत होत्या. खर्च होता तो सांध्यावर, आणि तो हमालाच्या पाठीवर पडत होता.

अँड्रॉइड चांगलं की आयफोन, हा वाद मला म्हणूनच कोता वाटतो. दोन्ही आपापल्या रुळावर धावतात. विचारायचं ते मूर्तिजापूरचं: सांध्यावर गाठी कोण उचलतं?

*

रुंदी बदलायची तर वाटही काही काळ बंद राहते, हे अकोटच्या माणसाला सांगावं लागत नाही. अकोला–खंडवा मार्ग रुंदीकरणासाठी २०१७ साली बंद झाला आणि अकोटला पुन्हा गाडी यायला २०२२ उजाडलं. बदल चांगला असला तरी मधला काळ कुणीतरी सोसत असतं. त्याची आठवण बदल घडवणाऱ्यानं ठेवावी.

*

कधी आपण व्यवस्था सोडतो, कधी ती आपल्याला सोडते.

११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियानं मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली आणि घरोघरच्या सिम्बियन फोनांचं भवितव्य ठरलं. पुढे विंडोज फोनही मावळले. २०१९ सरताना त्यांवरचं व्हॉट्सॲप थांबलं. ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा बंद झाली. फोन लोकांच्या हातात धडधाकट होते, त्यांच्यामागची व्यवस्था उठून गेली होती.

निष्ठा माणसांवर ठेवावी, कामावर ठेवावी. कंपनीशी व्यवहार ठेवावा.

*

मराठी मजकुरानं हे दुःख स्मार्टफोनच्या कितीतरी आधी सोसलं. डीटीपीच्या दिवसांत प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी असे. अमरावतीला एका फॉन्टमध्ये जुळवलेली लग्नपत्रिका अकोल्याच्या संगणकावर उघडली, आणि तो फॉन्ट तिथे नसला, की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. छापखान्यांपर्यंत आणि कचेऱ्यांपर्यंत ती झिरपायला फार वर्षं गेली. आज आईनं अँड्रॉइडवर लिहिलेलं 'पोचले' मुलाच्या आयफोनवर जसंच्या तसं उमटतं, ते त्या समान संकेतामुळे. दोन स्पर्धक कंपन्यांनी एकच संकेत मानला, आणि ळ-ऱ्ह सकट आपली भाषा दोन्हीकडे फिरू लागली.

समान संकेत असतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. तो नसतो तेव्हा वर-वधूची नावंही वाचता येत नाहीत.

*

अँड्रॉइडच्या पडद्यावर मराठी आली ती २०१४ च्या आवृत्तीपासून. त्याच सुमारास मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी अँड्रॉइडच्या पायावर इंडस ओएस उभी केली, आणि मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांतून ती भारतीय भाषा घेऊन लोकांपर्यंत गेली. हजारभर नव्या सोयींपेक्षा ही एक सोय मोठी होती. जिला फक्त मराठी वाचता येतं, तिला त्यामुळे कुणाला न विचारता फोन वापरता येऊ लागला.

फोन बदलताना भाषा मागे राहिली, तर माणूसच मागे राहतो.

*

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना गाठून, विचारून, पडताळून. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. अनुयायांच्या पाठांतरात ती होती, म्हणून पुन्हा उभी राहिली. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं. त्यानं ग्रंथ जपले गेले, आणि त्यानंच ते शतकानुशतकं इतर मराठी वाचकांच्या नजरेआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी किल्ली मिळवली, तेव्हा मराठीला आपलं आद्य गद्य दिसलं.

एकाच ठिकाणी ठेवलेलं जातं, अनेकांपाशी असलेलं परत येतं. कुलूप राखण करतं, पण किल्ली जाणणारा माणूस आहे तोवरच.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या एकाच फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये असतील, तर त्या अर्ध्या गेल्याच असं समजावं. आजच त्या दुसरीकडे उतरवाव्यात, सर्वत्र वाजेल अशा साध्या रूपात, आणि बहिणीकडे, भाच्याकडे, गावातल्या वाचनालयाकडे एकेक प्रत द्यावी.

*

एक लढाई आपण जिंकलो आहोत, आणि जिंकलो हे विसरूनही गेलो. पूर्वी कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागे. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर छापलेला नंबर सोडवत नसे, म्हणून माणूस वाईट सेवेतही अडकून राही. २० जानेवारी २०११ पासून नंबर सोबत नेण्याची सोय देशभर झाली; २०१५ च्या जुलैपासून ती दूरसंचार मंडळाच्या हद्दीबाहेरही लागू झाली. नंबर आपला झाला तो नियमामुळे. कुठल्याही कंपनीनं तो आपणहून दिला नव्हता.

फोनमधल्या बाकीच्या गोष्टींना हा नियम अजून नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ साली मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंड योग्य होता. पण दंड तिजोरीत जातो. ग्राहकाला वाट हवी असते.

*

मागणं साधं आहे. जे माझं आहे ते मी म्हणेन तेव्हा, मी म्हणेन तिथे, पूर्ण आणि वाचता येईल अशा रूपात मिळावं. फोटो, पत्रं, आवाज, हिशेब, संभाषणं. वगळलेला हक्क कायद्यात परत यावा, असं ग्राहक पंचायतींनी म्हणावं, कृषी विद्यापीठाच्या अकोल्यानं म्हणावं, मराठी भाषा विद्यापीठाच्या रिद्धपूरनं म्हणावं. मुंबई-बंगळुरूच्या तंत्रज्ञांपुरता हा प्रश्न नाही. ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि त्यातच सगळं आहे, त्याचा तो आधी आहे.

कंपन्यांनीही या हक्काला भिऊ नये. अडकवून ठेवलेला ग्राहक दिवस मोजतो. ज्याला केव्हाही निघता येतं, तो राहिला तर मनापासून राहतो.