पानात पडेल ते

जगात दोन प्रकारची माणसं असतात. पानात पडेल ते मुकाट्यानं खाणारी, आणि पानात काय पडणार याची सकाळपासून चौकशी करणारी. मी पहिल्या प्रकारात मोडतो अशी माझी समजूत आहे. दुसऱ्या प्रकारात मोडतो असं आमच्या सौ.चं मत आहे. पण पानात पडलेलं खायचं नाही आणि का खात नाही हे सांगायचंही नाही, असा एक तिसरा प्रकार असतो हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. तो आमच्या घरी राहायलाच आला. त्याला चार पाय होते.

झालं काय, आमच्या शाखेतल्या एका साहेबांची बदली झाली. बँकेतली बदली म्हणजे संसाराची वाटणीच असते. साहेबांचा फ्रिज ट्रकमध्ये गेला, तुळशीची कुंडी शेजाऱ्यांकडे गेली आणि रॉकी नावाचा दोन वर्षांचा पोमेरेनियन माझ्याकडे आला. आता कळमनुरीसारख्या गावात कुत्र्यांचा काही दुष्काळ नाही. बसस्टँडवरून घरी येईपर्यंत मला रोज दहा-बारा भेटतात आणि त्यातले चार-पाच तर घरापर्यंत पोचवायलाही येतात. पण ही मंडळी हॉटेलामागच्या उकिरड्यावर मिळेल ते खाऊन सुखानं जगणारी. रॉकीचं तसं नव्हतं. वजन सहा किलो, त्यातले दोन किलो नुसते केस. आमच्या आईला ‘रॉकी’ म्हणता येईना. तिनं पहिल्याच दिवशी त्याचा ‘रोख्या’ केला. मला ते नाव आवडलं. बँकेत रोखा म्हणजे मुदतीला वटणारा कागद. हा रोखा मात्र कशानंच वटेना.

पहिल्या रात्री आम्ही त्याला दूध-पोळी दिली. त्यानं वास घेतला, आमच्याकडे पाहिलं आणि खुर्चीखाली जाऊन बसला. सकाळी वरण-भात दिला. पुन्हा वास, पुन्हा ती नजर, पुन्हा खुर्ची. कर्जाचा अर्ज अपुऱ्या कागदपत्रांसह परत करताना आमचे मॅनेजर ज्या नजरेनं पाहतात, हुबेहूब तीच. मग घरात स्पर्धाच सुरू झाली. सौ.नं तूप घालून खिचडी केली. कन्येनं ग्लुकोजची बिस्किटं आणली. शाकाहारी घरात इतिहासात प्रथमच एक अंडं आलं आणि मागच्या दारानं परत गेलं. चिरंजीव मनुका घातलेला शिरा घेऊन धावले. तो रोख्यानं नाकारला हे त्याचं आणि आमचं नशीब. कारण द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे, हे ज्ञान आम्हाला नंतर झालं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम मी एके काळी घडाघडा म्हणत असे. पहिल्या घासाला समाधान सर्वांत जास्त, दुसऱ्याला थोडं कमी, तिसऱ्याला आणखी कमी. पण ग्राहकानं पहिला घासच घेतला नाही तर काय करायचं, याबद्दल आमच्या पाठ्यपुस्तकात एक ओळही नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वैतागून म्हणालो, “पोट भरलेल्याचे चोचले आहेत हे! खरी भूक लागली की दगडही गोड लागतो. आवडनिवड हा उपाशी माणसाचा रोगच नव्हे.”

वाक्य मला बरं वाटलं. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आईला ते वाटलं नसावं. ती म्हणाली, “तुला काय ठावं रे उपाशी माणसाचं?”

आई १९७२ च्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांची होती. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांसारखी तीही आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या दिवशी आई जे बोलली ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

“मिलोची भाकरी लाल व्हायची बघ. घशाखाली उतरायची नाही. तरी खाल्ली, रोज खाल्ली. पन आवडली नाही ती नाहीच. पन्नास वर्सं झाली, तिची चव आजून जिभेवर हाय. उपाशी मान्साला आवड नसती असं नाही, लेकरा. त्याला इचारायला कोनी नसतं.”

माझं वाक्य जागच्या जागी नापास झालं.

तिसऱ्या दिवशी रोख्याला घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. माझ्या पुढे एक म्हैस होती, मागे दोन शेळ्या. सहा किलोचं केसाळ बोचकं छातीशी धरून मी मधे उभा. डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, थर्मामीटर लावला. पारा एकशे दीडवर गेलेला पाहून मीच घाबरलो. डॉक्टर म्हणाले, “बसा. एकशे एक ते साडेएकशे दोन हा कुत्र्याचा ताप नव्हे, ही त्याची तब्येत आहे.” मग त्यांनी माझीच तपासणी सुरू केली. आधीच्या घरी काय खायचा? किती वाजता? कशात खायचा? जवळ कोण असायचं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना.

“तीन दिवसांत किती पदार्थ दिले?”

“नऊ,” मी अभिमानानं म्हणालो.

“म्हणजे तुम्ही त्याला शिकवलंत, की आठ नाकारले की नववा येतो. नवीन घरात आलेलं जनावर दोन-चार दिवस बुजतं, त्याला नखरा म्हणू नका. त्याचं जुनं खाणं आणा. दोन ठरलेल्या वेळा ठेवा. भांडं ठेवा आणि बाजूला व्हा. पंधरा-वीस मिनिटांनी उचला. पाणी मात्र कायम हवं. मधे बिस्किटं बंद. जुन्या खाण्यात घरचं थोडं थोडं मिसळत आठवड्याभरात बदला. एवढ्या लहान कुत्र्याला फार उपाशी ठेवायचं नाही. उद्यापर्यंत खाल्लं नाही किंवा उलट्या झाल्या तर लगेच आणा.”

बाहेर येताच मी साहेबांना फोन लावला आणि त्यांच्या मिसेसकडून सगळी माहिती लिहून घेतली. खिशात दुसरा कागद नव्हता म्हणून पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर. सकाळी आठ, रात्री आठ. स्टीलची वाटी नको, खडखडते. प्लेट पसरट हवी. कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून. खाताना तोंडाकडे पाहिलेलं खपत नाही. घरी आल्यावर ती स्लिप मी फ्रिजवर चिकटवली. दुपारच्या बसनं नांदेडहून पाकीट मागवलं. आठच्या ठोक्याला आम्ही चौघं सवयीनं प्लेटभोवती उभे राहिलो, तेव्हा आई म्हणाली, “व्हा बाजूला. पाव्हना जेवायला बसला तर त्याच्या तोंडाकडं पाहता का?” आम्ही आत गेलो. दहा मिनिटांनी प्लेट चाटल्याचा आवाज आला. इतका गोड आवाज मी मार्चअखेरचा ताळेबंद जुळतानाही ऐकलेला नाही.

खरं म्हणजे लेख इथं संपायला हवा. पण मी बँकेतला माणूस; ताळेबंद जुळला तरी पुन्हा एकदा बेरीज करून पाहतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे. संत नामदेवांचं ते जन्मगाव मानलं जातं. नामदेवांच्या दोन गोष्टी तुम्हा-आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहेत. एकीत बाळ नामदेव विठोबासमोर नैवेद्य ठेवून ‘खा’ म्हणून हटून बसतो, डोकं आपटायला निघतो, तेव्हा कुठे देव जेवतो. दुसरीत कुत्रं भाकरी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. कोरडी खाऊ नकोस, म्हणतात. या गोष्टी मी भक्तीच्या म्हणूनच ऐकल्या होत्या. रोख्या आल्यापासून त्या मला जेवू घालण्याच्या वाटू लागल्या. बहुतेक माणसांची मजल पहिल्या गोष्टीपर्यंतच जाते: मी वाढलंय, तू खा! नाही खाल्लंस तर माझा अपमान. खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मला रोख्याच्या भुकेची काळजी जितकी होती, त्याहून आमची खिचडी नाकारली गेल्याचा राग जास्त होता. मिंध्यानं निवड करावी हे आपल्याला सोसत नाही. दुसरी गोष्ट अवघड आहे. तिथं घेणारा आपल्या मर्जीनं घेऊन पळालेला असतो, आभारही मानत नाही. आणि देणाऱ्याला चिंता एवढीच, की त्याचा घास कोरडा राहू नये.

हा विचार करत मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो होतो. समोर केवायसीचे फॉर्म होते. ‘आपल्या ग्राहकाला ओळखा’ हा रिझर्व्ह बँकेचा आदेश २००२ सालापासून आमच्या डोक्यावर आहे. त्यात एक बारीक तरतूद आहे. ज्या खात्यात जोखीम जास्त, त्याची माहिती दर दोन वर्षांनी ताजी करायची. मध्यम असेल तर आठ वर्षांनी आणि जोखीम कमी असेल तर दहा वर्षांनी. म्हणजे जो त्रास देईल अशी शंका, त्याची विचारपूस वारंवार. जो वर्षानुवर्षं मुकाट व्यवहार करतो, त्याला दहा वर्षं कोणी विचारायचं कारण नाही.

फॉर्म भरता भरता मी थांबलो. रोख्याची केवायसी आम्ही तीन दिवसांत पूर्ण केली होती. वाटी की प्लेट इथपर्यंत. आई आमच्याकडे राहायला येऊन सात वर्षं झाली. आमच्याकडे दोन्ही वेळा पोळी असते, कारण मुलांना भाकरी नको आणि सौ.ला शाळेत जायची घाई. आई पानात पडेल ते खाते. कधी तक्रार नाही. पाहुण्यांसमोर मी हे कौतुकानं सांगतो, “आईचं काही म्हणजे काही नसतं.” कमी जोखमीचं खातं!

त्या रात्री मी तिला विचारलं, “आई, तुला जेवायला काय आवडतं?”

“काय बी चालतंय.”

“चालतंय नको. आवडतं काय ते सांग.”

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मी पैसेबिसे मागणार की काय, अशी शंका तिला आली असावी. मग म्हणाली, “ज्वारीची भाकरी. आन् कारळाची चटनी. पोळी पोटात दगडावानी बसती.”

“मग सात वर्षं बोलली का नाहीस?”

“कशाला? सूनबाई दमून येती. तिला आन् वेगळा तवा कशाला चढवायला लावू? आन् तू इचारलंस कवा?”

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. पण सकाळी मला पाच वाजता उठवून तिनं परात पुढ्यात ठेवली. “विचारलंत ना तुम्ही? मग थापा तुम्हीच.” हाही एक न्यायच. विचारपूस एकानं करायची आणि तवा दुसरीनं चढवायचा, ही आपल्याकडची फार जुनी वहिवाट आहे.

तुम्ही म्हणाल, प्रत्येकाची आवड विचारत बसलं तर घराची खानावळ होईल. खरं आहे. रोख्यापुढे नऊ पदार्थ नाचवून आम्ही त्याला बिघडवलंच होतं. डॉक्टरांनी प्लेट उचलायला सांगितली तेव्हा तो सुधारला. आजही त्याला वेळेला ठरलेलंच मिळतं. पण नऊ पदार्थ आम्ही दिले ते त्याला न विचारता, आपल्या मनानं. लाड करणं सोपं असतं, त्यात आपलीच हौस भागते. विचारायचं म्हणजे उत्तर ऐकून घ्यावं लागतं, आणि उत्तरात आपली सात वर्षं निघू शकतात.

आता आमच्याकडे दिवसाआड भाकरी होते. माझ्या पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, दुसरीचा जिल्हा. रोख्या आईशेजारी बसतो. ती तिचं खाते, तो त्याचं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत. परवा जेवताना आईनं घास तोंडात घातला, थोडं चावलं आणि म्हणाली, “आज भाकर जाड झाली रे. आन् मीठ कमी.”

सात वर्षांतली तिची ही पहिली तक्रार. मी ती रीतसर नोंदवून घेतली.