बसायला एक स्टूल

साडीच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसतं आणि साड्या उलगडून दाखवणारी मुलगी दिवसभर उभी असते. केरळात कोळिकोडच्या मिठाई स्ट्रीटवरच्या दुकानांतल्या बायका याविरुद्ध लढल्या. २०१८ मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला, २०२१ मध्ये तमिळनाडूतही. छोट्या दुकानाच्या मालकाने कायद्याची वाट कशाला पाहायची?

कोणता रंग न मिळाल्याने गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं, कोणत्या काठाला त्याने नाक मुरडलं, हे त्या मुलीला ठाऊक असतं, गल्ल्यावरच्या शेठना नाही. नवी कल्पना तिच्यापाशीच असते; पण दिवसभर उभं राहून वर चारचौघांत बोलणी खाल्ल्यावर ती कशाला सांगेल?

दुकानदारांनो, आज शटर उघडलंत की तिला स्टूल द्या. आणि पुढच्या खरेदीला सुरतेला निघण्याआधी तिला विचारा, काय आणू?