कथानकाविना नृत्य आणि चरित्रपटाची नीती

चरित्रपटाच्या दिग्दर्शकाने इमान कशाशी राखावयाचे, चरित्रनायकाच्या आयुष्याशी की त्याच्या कलेशी? लेखकाच्या बाबतीत हा प्रश्न काहीसा सौम्य होतो, कारण त्याची पुस्तके चित्रपटाबाहेरही वाचता येतात. नर्तकीची कृती मात्र तिच्या देहाबरोबरच संपते. मागे उरलेल्या तुटपुंज्या साधनांतून उभी केलेली पडद्यावरील प्रतिमाच बहुतेक प्रेक्षकांच्या लेखी मूळ कृतीची जागा घेते. त्यामुळे दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न येथे निव्वळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. आधुनिक नृत्याची अग्रदूती लोई फुलर (1862–1928) हिच्यावरील स्तेफानी दि ज्युस्तो यांचा ‘ला दान्सूज’ (2016) हा चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

रेशमाचा प्रचंड घोळ, तो फिरविण्यासाठी हातांतील काठ्या आणि त्यावर पडणारा रंगीत विद्युत्प्रकाश ही फुलरच्या ‘सर्पनृत्या’ची सामग्री. त्यात देह जवळजवळ लुप्त होई आणि उरत ते आकार. 1892 मध्ये नक्कल रोखण्यासाठी तिने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली. ज्यात कथा नाही, पात्र नाही, भावनेचे चित्रण नाही, ती नाट्यकृती नव्हे. म्हणून तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही, असा निर्णयाचा आशय होता. नक्कल करणाऱ्यांना रान मोकळे झाले. एडिसनच्या कंपनीने 1890 च्या दशकात चित्रित केलेल्या सर्पनृत्यातही फुलर दिसत नाही; तेथे नाचते ती अ‍ॅनाबेल ही दुसरीच नर्तकी.

या निर्णयामागील गृहीतक भारतीय वाचकाला विशेष खटकेल. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी असाच आक्षेप घेतात: गीताच्या अर्थाशी संबंध नसलेले नृत्त निर्माण तरी का केले? त्यावर भरताचे उत्तर असे, की नृत्ताला अर्थाची अपेक्षा नसते. ते शोभा निर्माण करते. न्यायालयापाशी ‘नाट्य’ ही कोटी होती, ‘नृत्त’ ही नव्हती.

‘ला दान्सूज’मधील नृत्यप्रसंग या नृत्ताला न्याय देतात. फुलरच्या शैलीच्या अभ्यासक जोडी स्पर्लिंग यांच्या मार्गदर्शनाखाली ते बसविले गेले. सोको या अभिनेत्रीचे थकलेले खांदे आणि प्रकाशाने दुखावलेले डोळे त्या शोभेचे शारीरिक मोलही दाखवितात. परंतु या प्रसंगांभोवती चित्रपट जे आयुष्य रचतो, त्याच्या केंद्राजवळ लुई दोर्से हा ईथरच्या आहारी गेलेला, सर्वस्वी काल्पनिक उमराव आहे. उलट, फुलरची अखेरपर्यंतची सहचरी गॅब्रिएल ब्लोक पडद्यावर एक निष्ठावान मदतनीस होऊन उरते.

यावर पूर्वपक्ष असा मांडता येईल, की चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे. काल्पनिक पात्रही आंतरिक सत्य प्रकट करू शकते. हे तत्त्वतः मान्य करावेच लागेल. आक्षेप कल्पिताला नसून कल्पिताच्या दिशेला आहे. दस्तऐवज मूक असतात तेथे कल्पना त्यांना वाचा देते. येथे मात्र जे ज्ञात होते, तेच कल्पनेने झाकले आहे. फुलरने केलेली निवड रद्द करून प्रेक्षकाला सवयीची वाटणारी निवड तिच्या नावावर मांडली आहे. मृत व्यक्ती हरकत घेऊ शकत नाही. म्हणूनच ही जबाबदारी वाढते.

न्यायालयाने तिच्या नृत्यात कथा मागितली, ती नव्हती म्हणून हक्क नाकारला. सव्वाशे वर्षांनी चित्रपटाने तीच मागणी मान्य करून ती कथा तिच्या आयुष्याला पुरविली. त्यामागील समजूत एकच: रूपाला स्वतःचे प्रयोजन नसते, त्याला कोणत्यातरी नायकाचा आधार लागतो. ही समजूत खोडून काढण्याचे सामर्थ्य याच चित्रपटात आहे. पडद्यावर काळोखात रेशीम उसळते, त्या क्षणांत लुई कोणाला आठवत नाही.